पाण्याचं भांडं भरलेलं होतं

१४ मे. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या परसात तांबडी, काळी आणि भुरी अशा तीन कोंबड्या होत्या. आज भुरी गेली. झाडायला सोपं पडतं म्हणून मी दाणे आणि पाणी नेहमी भिंतीच्या एकाच कोपऱ्यात ठेवते. दुपारी कामावरून परतले तेव्हा भांडं जवळजवळ भरलेलं होतं आणि भुरी उन्हात चोच उघडी टाकून पडली होती.

शेजारच्या मावशी मूळच्या फुलंब्रीच्या, जन्मभर कोंबड्या पाळलेल्या. म्हणाल्या, "ताई, तुमची तांबडी लई सासू हाय. कोपरा अडवून बसती. भुरीला पाणी पिऊ कोण देतं? दोन भांडी ठेवायची, दोन टोकांना, सावलीत."

भुरी लांब उभी राहते, हे मी आठवडाभर पाहत होते. तिला तहान नसेल, असं समजले. संध्याकाळी भांड्यात पाणी उरलेलं दिसलं की मला बरंच वाटायचं.

तुमच्याकडे कोणी असं लांब उभं असतं का? एकदा बघाल?

उद्याचं काम: काळीसाठी दुसरं भांडं कडुलिंबाखाली ठेवणे.