घाटात दुसरा गिअर कोणी टाकला?

भूत, चकवा, करणी यातलं मी काहीही मानत नाही. गाडी बंद पडली की लोक बोनेटवरची लिंबू-मिरची बदलतात, मी आधी बॅटरीचं टर्मिनल पाहते. अमरावतीत अठरा वर्षं झाली, बायकांना कार चालवायला शिकवते. डोळे मिटून इंजिनाच्या आवाजावरून सांगते गाडी कितव्या गिअरमध्ये आहे. ही बढाई नाही, माझं पोट त्यावर चालतं. तेव्हा "मॅडमला भास झाला असेल" असं लिहायला हात शिवशिवत असतील तर जरा दम धरा, आधी पूर्ण वाचा.

माझी एक विद्यार्थिनी आहे, तिला प्रज्ञा म्हणू. नर्स आहे. घर परतवाड्याला आणि बदली झाली चिखलदऱ्याजवळ, घाटावरच्या एका गावात. पोरगं दहा महिन्यांचं, अंगावर पिणारं. संध्याकाळची एसटी चुकली की हिचा मुक्काम वर आणि पोरगं खाली रडून रडून निळं. सासू म्हणे, नोकरी सोड. नवऱ्यानं जुनी कार घेऊन दिली होती, पण घाटाचं नाव काढलं की हिचे हातपाय गार.

"मॅडम, मले फक्त तो घाट शिकवा," पहिल्याच दिवशी म्हणाली. "नाईतर नोकरी जाते, नाईतर पोरगं उपाशी राह्यते."

सपाट रस्त्यावर महिनाभरात तयार झाली. मग एका रविवारी तिच्याच कारमधून घाटात गेलो. क्लासच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतात, तिच्या गाडीत कुठून असणार... पण तिला रोज हीच गाडी चालवायची होती, म्हणून मीच आग्रह धरला.

चढताना छान चढली. वर चहा प्यायलो. निघताना तिला चांगलं तासलं — "ज्या गिअरात चढली त्याच गिअरात उतरायचं. ब्रेकवर पाय घासत बसायचं नाई. इंजिन गाडीले धरते, समजलं?"

"समजलं मॅडम."

दुपारचे तीन-सव्वातीन. स्वच्छ ऊन. तेवढ्यात मला फोन आला. लायसन्सच्या परीक्षेत नापास झालेली एक बाई माझ्याशीच भांडत होती, आणि माझीही जीभ काही कमी नाही. चूक माझी. शिकवताना फोन घ्यायचा नसतो हे मीच सगळ्यांना सांगते.

मी भांडत असताना प्रज्ञानं गुपचूप गाडी न्यूट्रल केली. नवऱ्यानं शिकवलेलं — उताराला न्यूट्रल, पेट्रोल वाचते. आपल्याकडे अर्धं वऱ्हाड हेच करतं आणि वर दुसऱ्याला शहाणपणही शिकवतं. आता इंजिन गाडीला धरत नव्हतं, सगळा भार ब्रेकवर. मला जळका वास आला तेव्हा फोन खाली टाकला. काटा पन्नासच्या पुढे.

"ब्रेक मार."

"मारून राहिली मॅडम, लागूनच नाई राहिला."

समोर वळण, डावीकडे दरी, आणि खालून एसटी चढत येत होती. मी उजव्या हातानं हँडब्रेक थोडा थोडा ओढायला घेतला, डावा हात डॅशबोर्डवर, नजर एसटीवर. "थर्ड टाक, थर्ड टाक," एवढंच ओरडत होते. तिच्या पोराचं तोंड डोळ्यापुढे आलं.

आता थोडं समजून घ्या. न्यूट्रलमध्ये पन्नासनं पळणाऱ्या गाडीला खालचा गिअर टाकणं शिकाऊ माणसाचं काम नाही. नुसता गिअर टाकून क्लच सोडला तर गाडी असा हबका मारते की चाकं घसरतात. क्लच दाबलेला ठेवून आधी रेस द्यावी लागते, इंजिनाला चाकांच्या वेगाला आणावं लागतं, मग क्लच सोडायचा. हे मी प्रज्ञाला शिकवलंच नव्हतं.

आणि मी ऐकलं... एक रेस. मोजून दिलेली. थर्ड अलगद बसला, इंजिन चढ्या आवाजात बोलायला लागलं, गाडी आवळली. पुन्हा एक रेस, आणि सेकंड. हबका नाही, खरखर नाही. इतकं साफ काम मलाही दर वेळी जमत नाही.

एसटी बाजूनं निघून गेली. वळणापुढच्या रुंद जागेत हँडब्रेकवर गाडी उभी केली. प्रज्ञा ढसाढसा रडली. माझेही डोळे भरून आले. तिच्या पाठीवर थाप मारली, म्हटलं, "शाब्बास. ब्रेकचं काम करून घे अन् एकटी जाय. तुले आता कोनाची गरज नाई." ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. मला वाटलं, घाबरली आहे.

तीन आठवड्यांनी पोराचा पहिला वाढदिवस होता, मला जेवायला बोलावलं. पंगतीत प्रज्ञा तिच्या नणंदेला सांगत होती, "आमच्या मॅडमनं बाजूच्या सीटवरून दोन गिअर टाकले, म्हणून आज मी इथं हाय."

माझा घास हातातच राहिला. जेवणं झाल्यावर तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"काऊन वं, त्या दिवशी तुहे पाय कुटी होते?"

"दोन्ही पाय ब्रेकवर. उभीच झाली होती मी त्याच्यावर. अन् हात स्टेअरिंगवर. गिअर तर तुमी टाकला ना?"

"मंग इतके दिवस एकटी कशी उतरून राहिली?"

"तुमी म्हटलं ना, एकटी जाय. तुमी म्हटलं म्हणून गेली."

म्हणजे मी जे ऐकून तिला पास केलं, ते तिनं केलंच नव्हतं. आणि माझ्या एका शब्दावर ती तीन आठवडे तो घाट उतरत होती. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती गाडीला हात लावणार नव्हती, सासू तयारच बसली होती. मी विद्यार्थिनींना शिव्या देते, पण खोटं बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"हो, मीच टाकला," म्हटलं. "पन तुले तो आला पायजे. रविवारी येते मी."

माझा भाऊ अकोल्याला गिअरबॉक्सची कामं करतो. त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "क्लचविना गिअर बसू शकते ताई, पन रेस बरोबर पायजे. रेस कोनी देल्ली?" तेच तर विचारत होते. आई म्हणाली, तुझे बाबाच आले असतील. बाबांनी मूर्तिजापुरात आयुष्यभर भाजी विकली, सायकलच्या पुढे काही चालवलं नाही. त्यांना सेकंड गिअर माहीत असणं हेच मोठं आश्चर्य.

चार रविवार घाट घोटून घेतला. चौथ्या रविवारी त्याच उतारावर, ब्रेक धडधाकट असताना, मुद्दाम न्यूट्रल करायला लावलं. तिनं क्लच दाबला, रेस दिली, सेकंड टाकला. थोडा हबका बसला, पण गाडी धरली. मग तिनं एकदा माझ्या पायांपाशी नजर टाकली.

"मॅडम, याले दोन पाय लागतात. एक क्लचवर, एक रेसवर."

"हो."

"तुमच्याकडं तर काईच नाई."

"नाई."

"मंग तुमी खोटं बोलल्या."

"हो. मी नाई टाकला."

मला वाटलं आता गाडी थांबवेल, रडेल, किल्ली माझ्या हातात देईल. तिची नजर रस्त्यावरून हलली नाही. वळण घेतलं, गाडी सेकंडमध्येच ठेवली.

"कोन होतं ते मले नाई पायजे," ती म्हणाली. "आता मले येते. पोरगं उठलं असन, चला लवकर."

ती आजही रोज संध्याकाळी तो घाट उतरून घरी जाते. तिला उत्तर नको असेल. मला पाहिजे, आणि अजून सापडलेलं नाही.