पंचनाम्यातलं ठरलेलं वाक्य

ती घटना आठवायला मला फाइल उघडावी लागत नाही. तीस वर्षांहून जास्त खाकी घातली. त्यातली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत, कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला हे बायकोला विचारावं लागतं. हे प्रकरण मात्र मिसळत नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही, ठाण्याचंही नाही.

मी तेव्हा हिंगण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळी सातला पाळी बदलते. रात्रपाळीची माणसं कंपनीच्या बसकडे निघतात आणि दिवसपाळीच्या मोटारसायकली आत शिरतात. अशाच एका सकाळी लोखंडी गेट आणि शेड तयार करणाऱ्या एका कारखान्यातून फोन आला. मागच्या भंगाराच्या आवारात सुपरवायझर मरून पडला होता. डोक्याच्या मागे जड वस्तूचा एकच घाव. आम्ही घटनास्थळाचा पंचनामा केला, मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला, आवार पालथं घातलं. हत्यार मिळालं नाही.

कारखान्यातल्या माणसांचा माझा एक अनुभव आहे. आत काय झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पोलीस दिसला की प्रत्येकाला आपली बस सुटत असल्याची आठवण होते. म्हणून मी कारखान्यात फार विचारत बसलो नाही. बसथांब्यावरच्या पानठेल्यावर साध्या कपड्यांत दोन दिवस उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी ठेलेवाल्यानंच विषय काढला.

"साहेब, त्या वेल्डरचं अन् सुपरवायझरचं लय वाजलं होतं आधी."

"काहून?"

"सुट्टी नाई देल्ली जी. बायको दवाखान्यात, डिलिव्हरीले. थो म्हणे, पाहून घेईन तुले."

एवढं पुरे होतं. हजेरी पाहिली, वेल्डर त्या रात्रपाळीला होता. पाळी संपायच्या आधी तो मागच्या दारानं बाहेर गेला होता, हे चौकीदारानंही सांगितलं. त्याला ताब्यात घेतलं तेव्हा त्याची मुलगी चार दिवसांची होती. ती तिथंच, दवाखान्याच्या दारात, त्याच्या सासूच्या हातात होती. माझं काम मी केलं.

पाच दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. पहिले दोन दिवस तो बोलला नाही. मी हात उचलणारा अधिकारी नव्हतो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं तेच बोलतो आणि त्याचा कोर्टात काडीचा उपयोग होत नाही. माझी पद्धत वेगळी. समोर बसवायचं, चहा द्यायचा आणि गुन्हा सोडून बाकी सगळं विचारायचं. मी त्याला वेल्डिंगचं विचारलं. हातावर ठिणग्यांचे बारीक डाग होते, त्यांचं विचारलं. तिसऱ्या दिवशी मुलीचं नाव काय ठेवणार म्हणून विचारलं, तेव्हा तो रडला. रडून झाल्यावर म्हणाला, "रॉड कुठी हाय थे मले मालूम हाय, साहेब."

मी त्याला तिथंच थांबवलं. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. पण आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं कोर्ट विचारात घेतं. त्यासाठी ते बोलणं दोन पंचांसमोर व्हावं लागतं. त्याला आम्ही निवेदन पंचनामा म्हणतो. प्रत्येक ठाण्याबाहेर एकदोन कायमचे पंच असतात. चहा पितात, सह्या करतात. मला त्यांचा तिटकारा होता. मी नेहमी नवी, स्वच्छ माणसं शोधायचो आणि त्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी एक नटबोल्टचा दुकानदार मिळाला आणि दुसरी मिळाली कंपन्यांच्या गेटवर जेवणाचे डबे विकणारी एक मावशी. ती सहजासहजी आली नाही.

"कोर्टात बोलावतील न मले? डबे कोण देईल?"

"एकदाच यावं लागेल, मावशी."

"एकदाच म्हणतेत समदे," असं पुटपुटत ती आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

पंचांसमोर मी वेल्डरला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "थो रॉड मांगच्या नाल्यात हाय, पुलाखाली. टाकताना पायलं मी."

"कोणाला?"

"पाठमोरा होता जी. कंपनीचा ड्रेस होता."

"ड्रेस तर तुझ्याही अंगावर होता," मी म्हणालो.

खोलीतले सगळे हसले. लिखापढी करणारा माझा रायटर हवालदार हसला, दुकानदार हसला, मीही हसलो. मावशी हसली नाही, हे मला दिसलं होतं. पण कोण हसलं नाही याची नोंद स्टेशन डायरीत करत नाहीत.

माझा रायटर टायपिंगला पक्का होता. प्रत्येक ठाण्याच्या संगणकात निवेदन पंचनाम्याचं एक ठरलेलं वाक्य असतं. फक्त वस्तू बदलायची, चाकूच्या जागी कुऱ्हाड, कुऱ्हाडीच्या जागी रॉड. त्यानं ते वाक्य घेतलं: "गुन्ह्यात वापरलेला लोखंडी रॉड मी लपवून ठेवला असून, ती जागा दाखवून तो काढून देण्यास तयार आहे." भराभर वाचून दाखवलं. मी वर्षानुवर्षं ते वाक्य ऐकत आलो होतो, आणि रोज ऐकलेलं वाक्य माणूस ऐकत नाही. दुकानदारानं झोकात सही केली. मावशीनं एकेक अक्षर जोडत केली.

नाला कोरडा होता. पुलाच्या पाइपात रॉड सापडला. लाखेनं सील केला, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावली, प्रयोगशाळेत पाठवला. त्यावर मृताचं रक्त निघालं. सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली. मला प्रशंसापत्र मिळालं, ते मी फ्रेम करून भिंतीवर लावलं. मावशी कोर्टात काय बोलली ते मी ऐकलं नव्हतं, कारण एका साक्षीदाराची साक्ष चालू असताना दुसऱ्यानं आत बसायचं नसतं. शिक्षा झाली म्हटल्यावर मी विचारलंही नाही.

अपील सुनावणीला यायला वर्षं गेली. माझी बदली शहरात झाली होती, निवृत्ती जवळ आली होती. सरकारी वकिलांनी मदतीला बोलावलं म्हणून उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढं जाऊन मागच्या बाकावर बसलो. खरं सांगायचं तर मी निर्धास्त होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही खुनातला आरोपी अपिलात सुटला नव्हता.

आरोपीच्या बाजूनं मोफत विधी सेवेकडून नेमलेली एक तरुण वकील उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. मावशीचा उलटतपास काढला आणि वाचला. मावशीनं शपथेवर सांगितलं होतं की आरोपी म्हणाला, रॉड कुठं आहे ते माहीत आहे, कोणाला तरी टाकताना पाहिलं. "कागदावर काय लिहिलं ते मले नाई मालूम," असंही ती म्हणाली होती. आरोपीनं स्वतःही न्यायाधीशांना तेच सांगितलं होतं. आरोपी असं म्हणतातच, म्हणून खालच्या कोर्टात ते कोणी मनावर घेतलं नव्हतं.

दोघांपैकी ज्येष्ठ न्यायमूर्तींनी चष्मा काढून सरकारी वकिलांना विचारलं, "वस्तूची जागा माणसाला कशी कळते? त्यानं स्वतः ठेवली म्हणून कळेल. दुसऱ्याला ठेवताना पाहिलं म्हणूनही कळेल. किंवा कोणी सांगितलं म्हणून. या आरोपीला ती पहिल्याच प्रकारानं कळली, असं दाखवणारं पंचनाम्यातल्या या वाक्याशिवाय तुमच्याकडे काय आहे?"

भांडण होतं, मागचं दार होतं. त्याच्या कपड्यांवर रक्ताचा थेंब नव्हता. राहिलं ते वाक्य.

मला मावशीचा राग आला. डबे विकणारी बाई माझा तपास मोडते म्हणजे काय, असं मनात आलं, हे लपवत नाही. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. व्हरांड्यात सरकारी वकिलांनी मला बाजूला घेतलं.

"साहेब, मला खरं काय ते सांगा. ठेवला म्हणाला, की माहीत आहे म्हणाला?"

मी "ठेवला" म्हणालो असतो तर प्रश्न तिथंच संपला असता. पंच बाई, अशिक्षित, इतक्या वर्षांनी काय आठवणार, असं म्हणता आलं असतं. माझं प्रशंसापत्र भिंतीवर राहिलं असतं आणि तो आणखी किती वर्षं आत राहिला असता कोण जाणे. मला ती खोली आठवली, आम्ही हसलो ते आठवलं, खुर्चीच्या कडेवर बसलेली बाई आठवली.

"माहीत आहे म्हणाला," मी सांगितलं. "लपवून ठेवला, हे आमचं."

त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "बरं झालं विचारलं." दुपारी त्यांनी कोर्टाला सांगितलं की ते शब्द आरोपीचे आहेत असा सरकारचा आग्रह नाही. पुढे निकाल लागला. तो निर्दोष सुटला. तोवर त्याची मुलगी शाळेत जायला लागली होती.

मृताच्या भावाचा फोन आला. त्यानं एकच विचारलं, "मग मारलं कोणी, साहेब?" त्या सकाळी तोच ड्रेस घातलेली कितीतरी माणसं आवारात होती आणि आम्ही एकालाही तपासलं नव्हतं, कारण आमचा माणूस आम्हाला मिळाला होता. पुन्हा तपास सुरू झाला तेव्हा कारखाना बंद पडला होता, हजेरीची पुस्तकं रद्दीत गेली होती. खुनी अजूनही कुठंतरी मोकळा आहे. सुटलेल्या वेल्डरपेक्षा ही गोष्ट मला जास्त लागते, आणि तिला जबाबदार मी आहे. रायटर नाही. सही माझी होती.

निवृत्त होऊन मनीषनगरला राहायला आलो. एका सकाळी स्कूटर काढली आणि हिंगण्याला गेलो. वेल्डरनं रस्त्याच्या कडेला ग्रिलचं छोटं दुकान टाकलं आहे. त्यानं मला ओळखलं, मशीन बंद केलं आणि बसायला स्टूल दिलं. चहा मागवला. शेवटी इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं.

"तेव्हाच नीट काहून नाही सांगितलंस, बाबा? ओरडून सांगायचं होतं."

तो रागावला नाही. "सांगतलं होतं जी, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही लिहून राहिले होते."

चहा संपेपर्यंत मी तिथं बसलो. माफी मागितली. तो "जाऊ द्या" म्हणाला नाही, आणि म्हणायला हवं होतं असं मला वाटतही नाही. त्यानं काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि राहिलेल्या ग्रिलला हात घातला.

हल्ली जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, मोबाइलवर सगळं येतं. चांगलंच आहे. पण कॅमेरा लागायच्या आधी आपलं वाक्य तयार असेल, तर कॅमेराही आपलंच वाक्य टिपतो. खबर, कोठडी, पंच, सील, सगळं मी नियमानं केलं होतं. आजही कोणी त्यात खोट काढू शकणार नाही. फक्त समोरचा बोलत होता, ते मी ऐकलं नाही.

नव्या उपनिरीक्षकांना शिकवायला मला अधूनमधून बोलावतात. पहिल्या तासाला मी सगळ्यांना पेन खाली ठेवायला लावतो आणि एकाला उभं करून, काल घरी काय झालं ते त्याच्या बोलीत सांग म्हणतो. मुलं हसतात. मी त्यांना पोटभर हसू देतो. मग त्यांना विचारतो, आत्ता इथं कोण हसलं नाही ते कोणी पाहिलं का?