एका बारीसाठी दोन स्पीकर

वैशाखातल्या दुपारी रातांब्याची सोलं अंगणात वाळत पडलेली असतात, तेव्हा हवेला एक आंबटगोड, किंचित मादक गंध सुटतो. दर्यावरचा खारा वारा त्यात मिसळतो आणि माडांच्या झावळ्यांतून गाळून उतरलेलं ऊन त्या लालजर्द कोकमसालींवर मासेमारीच्या जाळ्यासारखं पसरतं. अशा प्रहरी माणसाने ओटीवर आडवं व्हावं आणि कुणाचंही वाईट चिंतू नये, असा निसर्गाचा संकेत असावा. माझ्या चुलतभावाला, गणूला, निसर्गाचे संकेत कळत नाहीत. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे. त्याच्या पलीकडे गणूने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि त्यांच्या करमणुकीसाठी एक बूफर, म्हणजे छाती हादरवणारा धडधड्या स्पीकर, आणला. हे धूड सुरू झालं की माझी सोलं चटईवर बेडकांसारखी उड्या मारतात, कोंबड्या थेट फेटलेली अंडी घालतात, आणि किनाऱ्याने येणारी बांगड्यांची झुंड आमच्या वाडीसमोर आली की वळसा घालून गोव्याला निघून जाते. ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं त्यांनी एक दुपार माझ्या ओटीवर काढावी. परत जाताना दात मोजून घ्यावेत.

तरीही बूफर मी सोसला असता. सोसवलं नाही ते गणूचं बोलणं. एके दिवशी गडग्याला टेकून, मला ऐकू जाईल अशा बेताने, तो आपल्या पाहुण्यांना सांगत होता, “ह्येचो बापूस आणि माझो बापूस, दोघव भजनी बुवा. सख्खे भाव. देवळात डबलबारी झाली. माझ्या बापाशीन शेवटाक असो प्रश्न घातल्यान, की अप्पा बुवा पेटी मिटून उठान गेलो. उत्तरच नाय!”

डबलबारी म्हणजे दोन भजनी मेळे समोरासमोर बसवून लावलेलं सुरांचं युद्ध. एकाने अभंगाआडून टोमणा मारायचा, पुराणातलं कोडं घालायचं. दुसऱ्याने आपल्या पाळीत ते परतवायचं. हरलं तरी चालतं, पण निरुत्तर उठून जाणं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पुरणारा कलंक. माझे वडील असे उठून गेले, हे मला मान्य नव्हतं. गणूचे वडील तात्याकाका आणि माझे अप्पा, दोघेही आता या जगात नाहीत. पण त्या बारीची एक कॅसेट माझ्या कपाटात होती. ठरवलं, की ही बारी कॉम्प्युटरवर घ्यायची, स्वच्छ करायची आणि अक्षर न् अक्षर गडग्यापलीकडे पोचवायची.

पहिल्या प्रयत्नात माझ्याच कॉम्प्युटरने दगा दिला. टेपची वायर त्याच्या माइकच्या भोकात खुपसली, तर अप्पा गांधीलमाशांच्या पोळ्यात तोंड घालून गात असल्यासारखे ऐकू आले, आणि आवाज जरा चढला की चिंधीसारखे फाटू लागले. म्हणून कुडाळला एका दुकानात गेलो. दुकानदाराच्या गळ्यात सोन्याची साखळी आणि चेहऱ्यावर सर्वज्ञता होती.

“साउंड कार्ड? ता कॉम्प्युटरच्या पोटातच असता, काका. येगळा कोण घेता आता?”

“पोटातला माका म्हायत आसा. पोटच बिघडलेला आसा.”

तोंड वाकडं करत त्याने काड्यापेटीहून थोडी मोठी अशी एक डबी काढली. टेपची वायर खुपसायला लाइन-इनचं वेगळं भोक असलेली, बाहेरून जोडायची. मग त्याला स्फुरण चढलं. कपाटाएवढे दोन स्पीकर आणि त्यांच्या मध्ये रांजणासारखा बूफर दाखवत तो म्हणाला, “ह्यो घेवा. वाजलो काय अख्खी वाडी हलतली!”

“वाडी आधीच हलता रे. माका ती थांबवक व्हयी.”

त्याने लावलेल्या गाण्याने दुकानातली छत्री उघडली. मी म्हटलं, गाणं नको, माणूस बोलताना ऐकव; आणि पहिल्या प्रयत्नातला, त्यातल्या त्यात न फाटलेला बारीचा एक तुकडा पेन ड्राइव्हवरून लावायला दिला. त्या कपाटांतून मृदंग एखाद्या गव्यासारखा धावत आला आणि शब्दांना पायदळी तुडवून गेला. चकीचा, त्या चिमुकल्या झांजांचा, झणत्कार तर कुठल्या कुठे बुडाला. एकामागून एक अशा जोड्या मी नापसंत केल्या. काहींत अप्पा विहिरीतून गात होते, काहींत नाक चिमटीत धरून. मागच्या फळीवर, धुळीत, करड्या कापडाचं तोंड असलेली एक बुटकी जोडी पडली होती. ती लावली आणि शब्द येण्याआधी अप्पांनी घेतलेला श्वास ऐकू आला. मी दुकानदाराकडे पाठ वळवली. माझा चेहरा पाहायचा अधिकार त्याला नव्हता.

“ह्येंका बेस नाय हां, काका,” तो कुत्सितपणे म्हणाला.

“बेस शेजाऱ्याकडे आसा.”

घरी येऊन सगळी बारी नव्या डबीतून आत घेतली आणि ऐकायला बसलो. पेटीच्या भात्याची फुसफूस, सभामंडपातल्या कुणाचा खोकला, कुठे तरी रडलेलं मूल, सगळं हाताच्या अंतरावर आलं. तात्याकाका टोमणा मारत होते, “तुझ्या पेटीच्या भात्यात उंदीर शिरलो रे बुवा, सूर कुरतडल्यान!” आणि क्षणाचाही विलंब न लावता अप्पा, “तो तुझ्याच कणगीत उपाशी होतो, म्हणान माझ्याकडे सूर खावूक इलो!” देऊळ हसण्याने फुटलं. मी ओटीवर एकटाच मांडी थोपटत होतो.

आणि मग शेवट आला. तात्याकाकांनी आवाज खाली आणला. सेतूचे दगड पाण्यावर तरंगले, मग त्यांचो भार कोणी उचलल्यान? पेटीवर एक सूर रेंगाळला. कुणी तरी घसा खाकरला. ते अप्पाच असावेत. आणि टेप संपली.

ते उठून गेले की बोलले, ते त्या फितीला ठाऊक नव्हतं. मला मात्र पुढचं दिसत होतं. गणू छाती काढून हसणार होता. मग मी तेच केलं जे कुठलाही सत्प्रवृत्त पुत्र करील. तो प्रश्न कापला. कापायला लागल्यावर हाताला चटक लागते. तात्यांचा उंदीर कापला, त्यांचे आलाप कापले, त्यांच्या नावाने झालेला जयघोषही कापला. उरली ती निखळ, निर्भेळ अप्पांची बारी. मी ती लावली.

काय सांगू! माझे वडील कुणाच्याही कणगीतल्या, कुणालाही न दिसलेल्या उंदरावरून एकटेच भांडत होते. न विचारलेल्या गोष्टींची उत्तरं त्वेषाने देत होते. मध्येच कुणी न केलेल्या अपमानाने चिडत होते. लोक हसायचे, ते आता त्यांनाच हसत होते. ज्या शत्रूला मी हुसकावून लावलं होतं, तो जाताना माझ्या बापाची सगळी बुद्धी सोबत घेऊन गेला होता.

शिव्या घालत घालत, तात्याकाकांना शब्दाशब्दाने परत आणून बसवलं. मूळ टेपमध्ये ते थोडे दूर ऐकू येत. मी त्यांचा आवाज किंचित वाढवलासुद्धा. दुसऱ्या दुपारी दोन्ही स्पीकर ओटीच्या कठड्यावर गडग्याकडे तोंड करून मांडले आणि अख्खी बारी लावली.

काही वेळ बूफर आणि भजन यांची झटापट चालली. मग पलीकडचं धूड गप्प झालं. टेप संपली तेव्हा गणू गडग्यापाशी उभा होता, लुंगी वर खोचलेली, डोळे बारीक.

“पुढे?” तो गुरकावला.

“पुढे नाय. तितकीच आसा.”

“कापलंस तू मेल्या!”

“कापतलय तर तुझ्या बापाशीक कापतलय. माझ्या बापाशीक कित्याक?”

त्याने गडग्यावर कोपर टेकलं. मग म्हणाला, “तो शेवटचो प्रश्न परत लाव.” मी लावला. “भार पाण्यान उचलल्यान,” गणू म्हणाला.

“ह्या तर शाळेतला पोरगा सांगात. अप्पा असला उत्तर देवक बसले नव्हते.”

“मगे तू सांग!”

मला सांगता आलं नाही. त्यालाही दुसरं सुचलं नाही. “तुझ्या स्पीकराक बेस नाय,” एवढं विष ओकून तो निघून गेला.

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात फिरतो आहे. सोलं उलटताना, माडाला पाणी घालताना मी उत्तरं जुळवतो आणि मोडतो. एक तर चालीसकट बसत आलं आहे. गणूही पलीकडे काही तरी पुटपुटत असतो, बूफर बंद ठेवून. त्याचं मन पालटलं असेल असा माझा समज नाही, आणि माझं तर मुळीच पालटलेलं नाही. पण उत्तर सापडलंच, तर ते ऐकवायला या जगात मला एकच माणूस उरला आहे, आणि त्याच्याकडे गडग्यापर्यंत मलाच चालत जावं लागेल, याची अलीकडे मला विलक्षण धास्ती वाटू लागली आहे.