माझ्याच विरुद्धचं गाऱ्हाणं

"हिच्या बुद्धीला जी काही बाधा झाली असेल ती दूर कर रे महाराजा," अधिष्ठाता सर मंदिरासमोर म्हणाले. चारशे पोरं एका आवाजात ओरडली, "होय महाराजा."

मीसुद्धा.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. देवापुढे गाऱ्हाणं घातलं की घालणारा काय बोलतोय ते कोणी तोलत बसत नाही. तो थांबला की आपण 'होय महाराजा' म्हणायचं. आईच्या कडेवर असल्यापासून तोंडाला लागलेली सवय. मला पायरीवर, सगळ्यांकडे तोंड करून उभं केलेलं. गाऱ्हाणं माझ्या विरोधात आणि होकार माझ्याच तोंडून. पुढच्या रांगेतल्या मुली फिदीफिदी हसल्या. सरही हसले. म्हणाले, "बघा, तिलाही पटलंय."

मला फक्त तिथून खाली उतरायचं होतं.

आमचं विद्यापीठ एका धार्मिक संस्थानाचं. रत्नागिरीजवळच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर. सकाळी आरती, मग तास. मी एम.ए.ला. आमच्या वाडीतून इतकं शिकणारी मी पहिलीच. बाबा लोट्याला केमिकल कंपनीत पाळीवर जातात.

माझा गुन्हा म्हणजे एक निबंध. विषय विद्यापीठानेच दिलेला, 'माझ्या गावची परंपरा'. मी पाहिलं ते लिहिलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी गावभर घरोघर जाते, अंगणात नाचते. आमच्या वाडीत येत नाही. पाणंदीच्या तोंडाशी थांबते. आम्ही तिथवर जायचं, नारळ जमिनीवर ठेवायचा, चार पावलं मागे सरायचं. मग मानकऱ्यांपैकी कोणीतरी तो उचलतो. शेवटी मी एवढंच विचारलं होतं, आमच्याकडे यायला देव नाही म्हणाला की माणसं?

मराठीच्या मॅडमनी त्यावर लाल शाईने 'उत्तम' लिहिलं. तो निबंध अधिष्ठात्यांच्या टेबलावर कसा पोचला ते मला अजून कळलेलं नाही.

गाऱ्हाण्यानंतर सरांच्या खोलीत माझ्यासमोर क्षमापत्र आलं. टाइप केलेलं, तयार. निबंधातला मजकूर खोटा आहे, माझ्या गावात असं काही घडत नाही, असं त्यात मीच म्हणत होते. खाली माझं नाव, वर सहीपुरती जागा. सही केली तर परीक्षेला बसायचं, नाही तर वसतिगृह सोडायचं. सर आवाज चढवून बोललेच नाहीत. विचारस्वातंत्र्य आपल्याकडेही आहे, म्हणाले, पण ते मर्यादेत शोभतं. मॅडम त्याच खोलीत होत्या. मोबाइलमध्ये बघत होत्या. तासिका तत्त्वावर काम करतात बिचाऱ्या, दरवर्षी नव्याने ऑर्डर. त्यांचा मला राग आला नाही. माझ्यासारख्याच घाबरलेल्या होत्या.

त्या आठवड्यात मी मेसमध्ये जेवायला जायचं सोडलं. फोन वाजला की उशीखाली सारायचे. खोलीतल्या मैत्रिणीने गादी उचलली आणि दुसऱ्या खोलीत गेली, जाताना सॉरी म्हणाली. तिचंही बरोबर. दोनदा मी सही करायला बसले. दोनदा पेन उघडलं.

मग त्यांनी बाबांना बोलावलं.

बाबा रात्रपाळी संपवून तसेच आले. अंगावर कंपनीचा गणवेश, डोळे लाल. तासभर त्यांना व्हरांड्यात उभं ठेवलं. आत घेतलं तेव्हा समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा कोणी म्हणालं नाही आणि बाबा बसलेही नाहीत. सगळं ऐकून मला म्हणाले, "सही कर गो बाय. एका सहीनं काय व्हतंय?"

मी पेन घेतलं. खरंच घेतलं. सरांना बरं वाटावं म्हणून असेल, बाबा त्यांच्या पाया पडायला वाकले. पण पायांपर्यंत गेलेच नाहीत. चार पावलांवर थांबले, तिथली फरशी शिवली आणि हात कपाळाला लावले.

कोणी त्यांना लांब राहा म्हणालं नव्हतं. सरांनी मान वरदेखील केली नाही.

मला राग आला. आधी बाबांचा. मग सरांचा. मग त्या पायरीवर होकार देणाऱ्या माझा, आणि तो सगळ्यात जास्त. मी पेन टेबलावर ठेवलं. 

"मी लिहिलं ते खोटं नाही, सर. आत्ता तुमच्यासमोर घडलं."

"बाहेर जा," सर म्हणाले.

एसटी थांब्यापर्यंत बाबा माझ्या पुढे चालत राहिले. गाडी दिसल्यावर म्हणाले, "आता गावात आमी कसं ऱ्हायाचं ता सांग." ते गाडीत चढले, मी वसतिगृहावर परतले. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. मी केला तर आई उचलते आणि ते झोपलेत म्हणते.

काल मी त्या क्षमापत्राला माझ्या हाताने उत्तर लिहिलं. मी पाहिलं तेच लिहिलं. ते मागे घेणार नाही. दोनच वाक्यं. अक्षर वाकडंतिकडं आलं. चांगल्या कागदावर पुन्हा उतरवून काढावं असं वाटलं, पण नाही काढलं. तसंच कार्यालयाच्या आवक खिडकीवर दिलं आणि शिक्का मारून पोच घेतली.

आज नोटीस आली, सोमवारी चौकशी समितीपुढे बोलावलंय. समोर पाच जण असतील, माझ्या बाजूने कोणी नाही. मला भीती वाटते. पण मी जाणार आहे. समितीपुढे पूर्ण निबंध वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून. मला काढायचं तर त्यांनी काढावं, आणि का काढलं ते लिहून द्यावं. मी आपणहून जाणार नाही.