पाण्याचा कोन

बाबा सौंसरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. तान्ह्या पोळ्याच्या बाजारातून ते वर्षभराचे फुगे घेऊन ठेवत. वर्गात चार फुगे फुगवून तोंडाशी एकत्र बांधत. मग फुगेच एकमेकांना रेटून आपापला कोपरा धरत, आणि बाबा म्हणत, "पाहा, मी काही केलं का? इलेक्ट्रॉनच्या जोड्याबी अशाच भांडतेत. पोट्टेहो, रेणूचा आकार पाठ नोका करू. पहिले जोड्या मोजा, मंग सांगा." नुसतं पाठ केलेलं उत्तर बरोबर असलं तरी ते गुण कापत. माझेही कापले आहेत.

आता त्यांना माणसं ओळखू येत नाहीत. मी पांढुर्ण्याला तोच विषय शिकवते आणि रविवारी बसने घरी जाते. गेल्यागेल्या विचारायची, "बाबा, पाण्याचा कोन?"

"एकशे चार पूर्णांक पाच." तडक उत्तर. माझं नाव विचारणं मी केव्हाच सोडलं होतं, पण तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. 'आता काही राहिलं नाही त्यांच्यात,' म्हणणाऱ्या नातेवाइकांशी मी कडाकडा भांडायची.

एकदा आईच म्हणाली, "अवं, ते पाठ हाय त्यायले. समजून नाई राहिलं."

"तुले काय कळते त्यातलं?" मी फाडकन बोलले. पण परतीच्या बसमध्ये तिचं वाक्य डोक्यातून जाईना. पाठ असणं म्हणजे येणं नव्हे, हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

पुढच्या रविवारी मी फुगे नेले. दोन लाल, दोन पांढरे. लाल म्हणजे हायड्रोजनशी बांधलेल्या जोड्या, पांढरे म्हणजे मोकळ्या. मोकळ्या जास्त जागा अडवतात, म्हणून लालांना जवळ सरकावं लागतं आणि त्यांच्यातला कोन एकशे चार पूर्णांक पाच अंशांवर येतो. ही त्यांचीच पद्धत. फुगे फुगवून सुटेच त्यांच्या पुढ्यात ठेवले, दोरा हातात दिला. आई दारात येऊन उभी राहिली. आपलं म्हणणं खोटं ठरावं असंच तिलाही वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

बाबांनी दोरा बाजूला ठेवला. एक लाल फुगा उचलून गालाला लावला आणि हसले.

"कोनाचा वाढदिवस हाय, बाई?"

"तुमचाच," मी म्हटलं.

त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या. मला रडू आवरेना, तेव्हा त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"वाढदिवसाले रडत नसतेत, बाई."