एका खोलीत चौघं

सासू-सासऱ्यांना आम्ही जुलैत बोलावलं, कारण जुलैत तिकीट स्वस्त होतं. ते का स्वस्त होतं, हे कॅनबेरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुण्यात मात्र सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "उन्हाळ्याचा त्रास नको म्हणून मुलाने मुद्दाम तिकडच्या थंडीत बोलावलंय."

कॅनबेराच्या गुंगालिन भागातलं आमचं भाड्याचं घर चार खोल्यांचं होतं. भाड्यातच नवऱ्याचा निम्मा पगार जायचा आणि मी अजून नोकरी शोधत होते. त्यामुळे आम्ही हॉलमधला हीटर तेवढा लावायचो. भाजी फोडणीला टाकायची ती जाकीट घालून. हे नवऱ्याने घरी कधी सांगितलं नव्हतं. तो बागेतले फोटो पाठवायचा.

"ते आहेत तोवर सगळं घर गरम ठेवायचं," त्याने ठरवून टाकलं.

पहिला आठवडा मजेत गेला. सासरे बनियनवर फिरायचे. सासूबाई म्हणाल्या, "लोकांनी उगाच घाबरवलं होतं." नवरा फोनवर विजेचा वापर बघायचा आणि फोन पालथा ठेवायचा.

दुसऱ्या आठवड्यात ते झोपले की तो हळूच हीटर बंद करू लागला. एका सकाळी सासरे स्वयंपाकघरात आले ते माकडटोपी, मफलर, शाल आणि वर मुलाचं जाकीट घालून. बोलताना तोंडातून वाफ येत होती.

"हीटर बिघडला का रे?"

"हो बाबा. माणूस येईल बघायला."

सासऱ्यांचं आयुष्य फ्रिजच्या कारखान्यात गेलं होतं. माणसाची वाट बघणं त्यांना मान्य नव्हतं. मी चहा गाळेपर्यंत ते स्टुलावर चढून भिंतीवरच्या हीटरचे स्क्रू काढायला लागले होते. घरमालकाच्या हीटरला हात लावला तर काय होईल, ते मला भाडेकरार न वाचताही माहीत होतं.

"बाबा, खाली उतरा," मी म्हणाले. "तो बिघडलेला नाही. आम्हाला परवडत नाही."

सासरे उतरले, स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला आणि मुलाला म्हणाले, "नोकरी आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मग भाडं आहे, बाबा."

सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. "एवढंच ना? तुमचे चेहरे बघून मला वाटलं, तुम्ही दोघं वेगळे होताय."

दुपारच्या आत त्यांनी गाद्या ओढून हॉलमध्ये आणल्या. त्यानंतर चौघं तिथेच जेवलो, झोपलो, पत्ते खेळलो. सासरे घोरायचे आणि सकाळी म्हणायचे की मुलगा घोरतो. नवऱ्याला वडिलांशी इतकं बोलताना मी आधी पाहिलं नव्हतं. विषय बहुतेक खिडक्यांच्या फटी हाच असायचा.

मग मला व्हिडिओवरच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. गरम खोली एकच.

"आम्ही आत बसतो," सासूबाई म्हणाल्या. तिघं मागच्या खोलीत एका रजईखाली जाऊन बसले. दार लोटून घेतलं. त्या लोकांनी मला तासाहून जास्त वेळ बसवलं. मी टीमवर्कबद्दल बोलत असताना आतून सासऱ्यांची शिंक ऐकू आली आणि पाठोपाठ सासूबाईंचं "श्श!"

संपल्यावर दार उघडलं. तिघांची नाकं लाल झाली होती.

"झालं?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

ती नोकरी मला मिळाली नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज भरायला बसले. सासऱ्यांनी मात्र ते फारच मनाला लावून घेतलं. "एवढे गारठलो आम्ही," ते म्हणाले, "निदान दुसऱ्या फेरीला तरी बोलवायचं."

नोकरी मिळाली ती ते पुण्याला परतल्यावर. मी फोन केला. सासूबाईंनी फोन तसाच हातात धरून आत हाक मारली, "अहो, ऐकलंत का? लागली हो पोरगी!"