डालग्याखालचा हवालदार

पडदा वर जातो. वाठोड्यातलं एक अंगण. उजवीकडे पत्र्याचं न्हाणीघर, डावीकडे शेवगा, मागे माझ्या खोलीची खिडकी. मधोमध मनकर्णाबाईंच्या पाच कोंबड्या माती उकरताहेत. त्यातल्या एकीच्या मागे नऊ पिल्लं. आणि विटांच्या ढिगावर, छाती काढून, तांबडा कोंबडा. त्याचं नाव हवालदार.

मनकर्णाबाई अडुसष्ट वर्षांच्या. शाळेत खिचडी शिजवण्यात आयुष्य गेलं. यजमान वारल्यावर त्यांनी कोंबड्या पाळल्या. कोणी विचारायचं, "अंड्यायसाठी कोंबडा कायले लागते वं?" त्या म्हणायच्या, "आभाळाकडे पाहाले."

खरंच होतं ते. कोंबड्या मान खाली घालून टिपत, आणि हवालदार एक डोळा वर ठेवून उभा. शिक्रा घिरट्या घालताना दिसला की घशातून लांब 'क्रर्रर्र' काढायचा. क्षणात अंगण रिकामं, पिल्लं आईच्या पंखाखाली. मी ज्या नाटकमंडळीत होतो, तिथं एवढ्या तत्परतेनं रंगमंच कोणी सोडला नाही.

पण हवालदार आरवायचाही दिवसभर, आणि भिंतीपलीकडे राहणारा तरुण प्रशिक दिवसाच झोपायचा. एका इस्पितळाच्या रक्तपेढीत त्याला रात्रपाळी लागली होती. एका सकाळी तो आला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"मावशी, पंधरा दिवस झाले, झोपूनच नाही राहिलो. काल दोन पेशंटच्या रक्ताच्या पिशव्यांवर एकमेकायच्या चिठ्ठ्या लावत होतो. सिस्टरनं पाहिलं म्हणून बरं."

मनकर्णाबाई जागीच बसल्या. "बापा! मंग त्याले रामटेकले देऊन टाकतो भावाकडे."

"तिथं तर त्याचा रस्साच करतीन," मी खिडकीतून म्हणालो. आणि मोठ्या ऐटीत उपाय सांगितला.

झाडीपट्टीत गावोगाव नाटकं करायचो तेव्हा आमच्या मंडळीबरोबर नवसाचा कोंबडा असायचा. ऐन करुण प्रसंगात तो आरवू नये म्हणून त्याला बुटक्या डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली, ठेवून वर ओलं पोतं टाकायचो. मान ताणायला जागा नाही, की आरवणं नाही. बाईंना हे पटलं. सकाळी नऊ ते दुपारी तीन हवालदार शेवग्याखाली, डालग्याआड. तीन दिवस प्रशिक घोरत होता. मी स्वतःवर खूश होतो.

पण आमचा कोंबडा एकटा होता. त्याच्यामागे कुटुंब नव्हतं. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

चौथ्या दिवशी, ऑक्टोबरचं ऊन तापलेलं असताना, शिक्रा आला. मला खिडकीतून त्याची सावली मातीवर सरकताना दिसली. कोंबड्या तशाच टिपत राहिल्या. इशारा मिळाला नव्हता ना! मी ओरडलो. एके काळी या आवाजानं मंडपाची शेवटची रांग दचकायची. पण मी माणसासारखा ओरडलो. कोंबड्यांनी नुसती मान वर केली. तोवर एक पिल्लू गेलं होतं. थोड्या वेळानं तो परत आला आणि बाई काठी घेऊन धावेपर्यंत दुसरंही गेलं.

डालग्याखाली हवालदार धडका देत होता. आई कोंबडी उरलेल्या सातांना पोटाशी घेऊन थरथरत होती.

गलबल्यानं प्रशिक उठून आला. अंगणातली पिसं पाहिली.

"सोडा त्याले, मावशी. मी कानात बोळे घालीन."

"घालून पाह्यले ना तू?"

त्यानं मानेनंच हो म्हटलं.

"माह्या आळसापायी कोणाले भलतं रक्त नको चढाले. तू झोप गा."

"माझीच चूक झाली, बाई," मी म्हणालो.

"तुमची कायची जी? तुमी नाटकातलं सांगतलं, मी खरं केलं." त्या हसल्या नाहीत.

दोन दिवस त्यांनी सगळा कळप खुराड्यात कोंडून पाहिला. कोंबड्यांनी दाण्याला तोंड लावलं नाही, एकमेकींची पिसं मात्र उपटली. तिसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं, हवालदाराला डालग्याखाली घातलं, पोतं भिजवून टाकलं आणि स्वतः विटांच्या ढिगावर जाऊन बसल्या. डोक्यावर पदर, हातात काठी, तोंड आभाळाकडे.

तेव्हापासून रोज नऊ ते तीन त्या तिथेच बसतात. डोळ्यांतून पाणी गळतं. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आहे. मी पाळी वाटून घेतो म्हणालो, तर अर्ध्या तासात माझा डोळा लागला. त्यांनी पुन्हा ती पाळी मला दिली नाही.

काल बारा वाजता ऊन अगदी डोक्यावर आलं. मी खिडकीतून म्हणालो, "बाई, आत या. चक्कर येईल."

त्यांनी मान खाली केली नाही.

"थांबा ना जी. त्यायचं खाऊन होऊ द्या."